सुपारीच्या सावलीतलं चॉकलेट

आगरदांड्याला जंगलजेटीत गाडी चढवली की राजपुरीची खाडी ओलांडून दिघीचा धक्का येतो. धक्क्यावर फारसं कुणी रेंगाळत नाही. कुणाला जंजिऱ्याची होडी गाठायची असते, कुणाला जेवणाच्या वेळेत दिवेआगर. पण ज्याला चॉकलेट कसं तयार होतं हे मुळापासून समजून घ्यायचं आहे, त्याने दिघीहून वेळास, आडगाव, दिवेआगर, पुढे शेखाडी-आरावीवरून श्रीवर्धन हा रस्ता घाई न करता पाहावा. या रस्त्यावर चॉकलेटच्या कारखान्याची पाटी नाही. पाहायची आहे ती वाडी.

एखाद्या बागायतदाराची परवानगी घेऊन आत शिरा. सगळ्यांत वर माडांच्या झावळ्या, त्यांच्या खाली सरळसोट पोफळी, पोफळीच्या खोडाला बिलगून चढलेली मिरवेल, मध्येच एखादं जायफळ, पाटाच्या कडेने केळी. भर मे महिन्यातही खाली ओल असते आणि ऊन तुकड्यातुकड्यांनीच जमिनीवर पोचतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी याच सावलीतली. तिच्यावर काम करण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनलाच आहे. आता या वाडीत माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, दहा-पंधरा फुटांवर, एक मजला रिकामा राहतो तो नजरेत भरू द्या. कोकण रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या अगदी अशाच पोफळीच्या बागांमध्ये त्या मजल्यावर एक झाड उभं असतं. ते कोकोचं झाड. भारतातलं चॉकलेट थंड हवेच्या डोंगरावर पिकत नाही. ते सुपारीच्या आणि नारळाच्या सावलीत पिकतं, आणि ही सावली रायगडच्या किनाऱ्यालाही आहे. हे प्रकरण लिहिण्यामागचं माझं कारण एवढंच.

प्रवासात एखादा छोटा चॉकलेट-कारखाना पाहून येण्याची आवड अलीकडे आपल्याकडेही वाढली आहे. म्हैसूरची नाविलुना, ऑरोविलची मेसन अँड कंपनी, कोचीचे पॉल अँड माइक, हैदराबादचं मनम ही नावं चॉकलेटप्रेमींना आता परकी नाहीत. हे लोक बिया थेट शेतकऱ्यांकडून घेतात, त्या स्वतः भाजतात, दळतात आणि वडी तयार करतात. काही ठिकाणी काचेपलीकडून किंवा आत जाऊन हे काम पाहता येतं. पाहावंच. पण काचेपुढे उभा राहिलेला पाहुणा अर्धी गोष्ट पाहून परत येतो. चॉकलेटची निम्मी चव कारखान्यात बी पोचण्याआधीच ठरलेली असते, आणि ती ठरते झाडावरून फळ उतरवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात.

कोकोचं झाड पहिल्यांदा पाहणारा माणूस थबकतो, कारण त्याची फुलं आणि फळं फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडावर येतात. आपल्याकडे फणसाचं तसंच. नखाएवढी फुलं, आणि त्यांचं परागण करणारे माशीच्या जातीचे कीटक तर टाचणीच्या डोक्याएवढे. हे कीटक कुजत्या पालापाचोळ्यात वाढतात. म्हणून कोकोची बाग झाडून लख्ख ठेवायची नसते. फुलांपैकी फारच थोडी फळं धरतात. फळ वीतभर लांब, धारदार कण्यांचं, जातीप्रमाणे पिवळं, नारिंगी किंवा तांबडं. ते फोडलं की आत तीस-चाळीस बिया पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या दिसतात. गराची चव आंबटगोड, लिचीच्या जवळ जाणारी. बी मात्र कडू आणि तुरट. ताजी बी चावून पाहिली तर तिच्यात चॉकलेटचा मागमूसही लागत नाही.

चॉकलेटची चव येते ती आंबवण्यातून. गरासकट बिया लाकडी खोक्यात किंवा केळीच्या पानांवर ढीग करून झाकून ठेवतात. पहिल्या एक-दोन दिवसांत हवेतली यीस्ट गरातल्या साखरेवर तुटून पडते आणि मद्यार्क तयार होतो. गर पातळ होऊन गळून जातो. मग ढीग उलटापालटा करतात. हवा आत शिरते आणि जिवाणूंची पाळी येते. ते मद्यार्काचं शिरक्यात रूपांतर करतात. हे काम इतकी उष्णता सोडतं की ढिगाच्या पोटातलं तापमान पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत चढतं. हात आत घातला तर चटका जाणवतो, नाकात शिरक्याचा वास जातो. या उष्णतेने आणि आम्लाने बीमधला अंकुर मरतो, पेशींच्या भिंती फुटतात, आतली विकरं आणि प्रथिनं एकमेकांत मिसळतात. प्रथिनांचे लहान तुकडे होतात. पुढे भाजताना हेच तुकडे साखरेशी संयोग पावून तो ओळखीचा सुगंध देतात. पाच ते सात दिवसांत बीचा आतला जांभळा रंग जाऊन तपकिरी येतो. मग उन्हात वाळवण. ओलावा सात टक्क्यांच्या आसपास आला की बी पोत्यात भरायला तयार.

या सगळ्यात यंत्र एकही नाही. आहे तो अंदाज. ढीग कधी उलटायचा, पावसाची सर आली तर वाळवण कुठे हलवायची, वास बदलला म्हणजे काय समजायचं. आंबवण कमी झाली तर चॉकलेट तुरट राहतं आणि जास्त झाली तर त्याला कुजकट वास येतो. कितीही महागडं यंत्र आणलं तरी कारखान्यात हे दोष निघत नाहीत. म्हणून चांगला छोटा चॉकलेटवाला वर्षातला बराच काळ शेतात असतो आणि शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा जास्त पैसे देतो. ती रक्कम खरं तर त्या एका आठवड्याच्या कष्टांची असते.

ढीग फार लहान असून चालत नाही, हेही महत्त्वाचं. पाच-दहा किलो ओल्या बियांचा ढीग आतून पुरेसा तापत नाही आणि आंबवण अर्धवट राहते. पन्नास किलो, शंभर किलो असा माल एकत्र आला तरच काम नीट होतं. एका घरच्या चार झाडांवर हे जमत नाही, शेजार लागतो. भारतात चॉकलेटचा इतिहास असा शेजार जमवण्याचाच इतिहास आहे.

कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. इक्वेडोरमध्ये सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरच्या अंशांवरून माणूस तो पाचेक हजार वर्षांपूर्वीही वापरत होता हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. भारतात त्याची पहिली रोपं ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ मध्ये तमिळनाडूतल्या कुर्ताळमला लावली, पण त्यातून शेती उभी राहिली नाही. ती उभी राहिली १९६० च्या दशकापासून पुढे, केरळात. चॉकलेटच्या आयातीवर कडक बंधनं होती, कॅडबरीला बिया इथेच हव्या होत्या, आणि कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने, विशेषतः तिच्या विट्टल केंद्राने, नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून कोको बसतो हे दाखवून दिलं. ठाण्यातल्या माणसाला पोखरण रोडवरचा कॅडबरीचा कारखाना ठाऊक असतो, तिथला चौक आजही कॅडबरी जंक्शन म्हणूनच ओळखला जातो. पण त्या कारखान्याच्या पोटात जाणाऱ्या बियांमागे केरळ-कर्नाटकातल्या पोफळी आणि माड उभे होते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मग १९७९-८० च्या सुमारास जगात कोकोचे भाव कोसळले. खरेदी आटली. शेतकऱ्यांनी मोठ्या हौसेने लावलेली झाडं फळांनी लगडलेली आणि घेणारा कुणी नाही. केरळात अनेकांनी झाडं तोडून टाकली. तेव्हा कोकोच्या खरेदीत उतरली ती कॅम्पको. वारणाशी सुब्राय भट्ट यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये मंगळूरला स्थापन झालेली कर्नाटक-केरळच्या सुपारी बागायतदारांची ही सहकारी संस्था. मुळात सुपारीचे भाव सावरण्यासाठी ती जन्माला आली होती. तिने शेतकऱ्यांचा कोको उचलला आणि नुसता विकत न बसता १९८६ मध्ये मंगळूरजवळच्या पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. सुपारीवाल्यांनी काढलेला चॉकलेटचा कारखाना! कॅम्पको आज छोटी राहिलेली नाही, तिचं उत्पादन मोठ्या यंत्रांवर होतं आणि तिला कारागिरीचं चॉकलेट म्हणता येणार नाही. तरीही माझ्या मते भारतातल्या कुठल्याही चॉकलेट-कारखान्यापेक्षा पुत्तूरची गोष्ट मोठी आहे. शेतकऱ्याने बी पिकवून थांबायचं आणि नफा दुसऱ्याने कमवायचा, ही साखळी तिथे सुपारीच्या बागायतदारांनी तोडली. आज जे छोटे चॉकलेटवाले केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्रात चांगल्या बिया शोधत फिरतात, त्यांना बिया मिळतात याचं एक कारण त्या पडत्या काळात झाडं उभी ठेवणाऱ्या अशा संस्था आहेत.

आता कारखान्यात जाऊ. छोटा कारखाना म्हणजे बहुधा दोन-तीन खोल्या. पहिली खोली निवडीची. पोत्यातून आलेल्या बिया परातीत पसरून खडे, काड्या, फुटक्या आणि चिकटलेल्या बिया बाजूला काढतात. इथे यजमानाला एक विनंती जरूर करा: मूठभर बिया सुरीने उभ्या कापून दाखवा म्हणावं. आतून तपकिरी आणि भेगाळलेली बी म्हणजे आंबवण नीट झालेली. जांभळी म्हणजे अर्धवट. दगडी करडी, घट्ट बी म्हणजे आंबवण झालीच नाही. खरेदीदार हीच परीक्षा करतो, आणि ती कुणालाही पाच मिनिटांत शिकता येते.

भाजणं सव्वाशे ते एकशेचाळीस अंशांच्या आसपास, साधारण वीस-पंचवीस मिनिटं, पण प्रत्येक शेताच्या मालाला वेगळं. पहिल्यांदा शिरक्याचा झणका येतो, तो उडून गेला की पावासारखा, मग चॉकलेटचा वास. भाजलेली बी फोडून पाखडतात. मोठ्या जागी यंत्र असतं, पण तत्त्व सुपाचंच: हलकी फोलपटं उडतात, जड दाणे मागे राहतात. हे दाणे चावून पाहा. साखर नसलेलं, खरखरीत, कडू, पण पूर्ण चॉकलेट तोंडात येतं.

यानंतर येतं दळण, आणि इथे मराठी पाहुण्याने जरा थांबावं. जगभरच्या छोट्या चॉकलेटवाल्यांकडे जे यंत्र दिसतं ते इडली-डोशाचं पीठ वाटायचं आपलं वेट ग्राइंडर आहे. कोइंबतूरला १९५५ मध्ये पी. सभापती यांनी विजेवर चालणारा रगडा बनवला, त्याभोवती तिथे मोठा उद्योग उभा राहिला आणि कोइंबतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळालं. अमेरिकेत २००० नंतर घरच्या घरी बीपासून चॉकलेट करू पाहणाऱ्यांची मोठी अडचण होती ती दळण्याची. कारखान्यांची यंत्रं टनावारी मालासाठी होती. जॉन नॅन्सी या हौशी माणसाने सँथा नावाच्या भारतीय ग्राइंडरवर कोको दळून पाहिला आणि जमलं. ग्रॅनाइटच्या तळावर ग्रॅनाइटचे दोन रोळ फिरत राहतात, बियांतली चरबी घर्षणाच्या उष्णतेने वितळते आणि दाण्यांचा दाट, वाहता रस होतो. पीठ अर्ध्या तासात वाटून होतं. चॉकलेटला मात्र एक ते तीन दिवस सलग लागतात, म्हणून पुढे मोटर भक्कम केली गेली आणि रोळांचा दाब कमीजास्त करायची सोय आली. मूळ कल्पना मात्र तीच राहिली. आज बऱ्याच परदेशी चॉकलेटवाल्यांच्या कोपऱ्यात कोइंबतूरचा दगड फिरत असतो, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

इतका वेळ दळायचं कारण जीभ. तीस मायक्रॉनपेक्षा मोठा कण तिला रवाळ लागतो. वीसच्या आसपास आला की मऊ. शिवाय दळण चालू असताना आंबवणातून उरलेलं आम्ल हळूहळू उडून जातं. स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंटने १८७९ मध्ये याच कामासाठी वेगळं घोटण्याचं यंत्र काढलं होतं. छोट्या कारखान्यात दोन्ही कामं एकाच ग्राइंडरमध्ये होतात, म्हणून तिथल्या चॉकलेटमध्ये कधीकधी फळाचा आंबटपणा राखलेला जाणवतो. काहींना तो आवडतो, काहींना नाही. मला आवडतो.

हिशेबही सांगून ठेवतो. एका फळातल्या ओल्या बिया साधारण शंभर ग्रॅम. वाळून त्या चाळीसच्या जवळ येतात. भाजून, फोलपट काढून तीस-बत्तीस. त्यात साखर घालून सत्तर टक्के कोकोची वडी केली तर ती पंचेचाळीस ग्रॅमची होते. म्हणजे एका फळाची एक छोटी वडी. छोट्या कारखान्याच्या वडीची किंमत पाहून कपाळाला आठ्या घालण्याआधी हा हिशेब आठवावा.

शेवटचं काम सगळ्यांत नाजूक. कोकोची चरबी थिजताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक धरू शकते आणि त्यांपैकी एकच आपल्याला हवा असतो. तो तेहतीस-चौतीस अंशांना वितळतो, म्हणजे खोलीत घट्ट आणि तोंडात गेल्यावर पातळ. त्यासाठी वितळलेलं चॉकलेट पंचेचाळीस अंशांच्या वर नेऊन, सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरवून, पुन्हा एकतीस-बत्तीसवर आणून साच्यात ओततात. काही कारागीर हे संगमरवरी ओट्यावर उलथन्याने पसरत आणि गोळा करत करतात. त्यांच्या हाताकडे पाहत राहावंसं वाटतं. नीट जमलेली वडी चकचकीत असते आणि मोडताना टक् असा आवाज येतो. तापमान चुकलं, किंवा वडी उन्हात वितळून पुन्हा थिजली, तर तिच्यावर पांढुरका थर येतो. अनेकजण तो बुरशी समजून वडी फेकतात. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. वडी खायला चालते, फक्त तिचा पोत बिघडलेला असतो.

इथेच कोकणची अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये दिघीच्या धक्क्यावर दुपारी जे तापमान असतं त्यात कोकोची चरबी घट्ट राहूच शकत नाही. थंडगार खोली आणि थंड गाडी ही छोट्या चॉकलेटवाल्याची मोठी गुंतवणूक असते. आणि या अडचणीवरचं एक उत्तर याच किनाऱ्यावर पिकतं, ही गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते.

ते उत्तर म्हणजे कोकम. रातांब्याची आगळ आणि सोलं करून झाली की उरलेल्या बिया वाळवून, फोडून, कुटून, पाण्यात उकळून घरोघरी तेल काढत. ते थिजतं, त्याचे गोळे वळतात. तेच मुठेल, दक्षिणेकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात. टाचांच्या भेगांवर ते चोळलेलं ज्यांच्या घरी आहे त्यांना त्याचा घट्टपणा माहीत असतो. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर मुठेलातल्या चरबीच्या रेणूंची मांडणी कोकोच्या चरबीशी जवळून जुळते, फक्त त्यात स्टिअरिक आम्लाचा वाटा अधिक असल्यामुळे ती जास्त तापमानाला वितळते. कोकोच्या चरबीत ती थोडी मिसळली तर चॉकलेट उन्हाळ्यात अधिक टिकतं. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटचे नियम ठरवले तेव्हा कोकोच्या चरबीबरोबर पाच टक्क्यांपर्यंत वापरायला फक्त सहा वनस्पतिज चरबींना परवानगी दिली. इलिपे, पाम, साल, शिया, कोकम आणि आंब्याच्या कोयीतली चरबी. सहांपैकी दोन रायगड-रत्नागिरीच्या अंगणातल्या! आपण मात्र कोयी उकिरड्यावर टाकतो, आणि घरी मुठेल काढणारे हात दरवर्षी कमी होताहेत. कोकणातल्या फळप्रक्रिया उद्योगाने नियमांतल्या या एका ओळीकडे लक्ष दिलं तर बरंच काही होण्यासारखं आहे.

दुसरं उत्तर बाजाराने आधीच शोधलं आहे, ते कंपाउंडचं. लोणावळा, महाबळेश्वर, उटी इथे ‘होममेड चॉकलेट’ म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतेक तयार लाद्या वितळवून, सुकामेवा घालून साच्यात ओतलेलं असतं. पुणे जिल्ह्यातल्या मोर्डेसारख्या कंपन्या चॉकलेटच्या आणि कंपाउंडच्या अशा लाद्या बेकऱ्यांना आणि घरगुती उद्योगांना पुरवतात. कंपाउंडमध्ये कोकोची चरबी काढून तिच्या जागी दुसरी वनस्पतिज चरबी घातलेली असते. ते स्वस्त पडतं, उन्हात टिकतं, त्याला तापमानाची कसरत लागत नाही. त्यावर कितीतरी बायकांचे घरगुती उद्योग उभे आहेत आणि त्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण ते बीपासून केलेलं चॉकलेट नाही, आणि पैसे देणाऱ्याला हा फरक कळला पाहिजे. ओळखायची रीत सोपी: वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत चरबी म्हणून कोको बटरच आहे, की दुसरी वनस्पती चरबी मुख्य आहे, ते वाचा. कारखान्यात गेलात तर भाजणीची भट्टी आणि बियांची पोती कुठे आहेत एवढंच विचारा. बीपासून काम करणारा माणूस तुम्हाला हाताला धरून तिकडे नेईल, शेताचं आणि हंगामाचं नाव सांगेल.

आता पुन्हा श्रीवर्धनच्या वाडीकडे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर, दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपास जमिनीवर आलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी आणि माड काही तासांत आडवे झाले. पोफळ फळायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे पुन्हा लावलेल्या वाड्यांना उत्पन्नाची वाट पाहणं आलं. शिवाय सुपारीचं पुढचं भविष्यही निर्धास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. अशा वेळी वाडीत उत्पन्नाचे मजले वाढवणं शहाणपणाचं आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळात दालचिनी, जायफळ, मिरी, अननस अशी पिकं घेणारी ‘लाखी बाग’ रुजवली, ती याच विचारातून. मी पाहिलेल्या वाड्यांत कोको नव्हता. पण त्याला हवी ती अर्धी सावली, उन्हाळ्यातलं पाटाचं पाणी आणि कुजणारा पालापाचोळा तिथे होता.

अडचणी आहेत आणि त्या लपवू नयेत. विट्टलच्या शिफारशीत पोफळी नऊ-नऊ फुटांवर आणि कोको त्यांच्या एकाआड एक ओळीत असतो. कोकणातल्या जुन्या वाड्या अनेकदा याहून दाट, तिथे कोकोला उजेड कमी पडेल. सुपारीवर कोळेरोग आणणाऱ्या बुरशीची सख्खी भावंडं पावसात कोकोची फळं काळी करतात, तेव्हा बोर्डो मिश्रणाची फवारणी दोघांनाही लागेल. उंदीर, खारी आणि माकडं गोड गरासाठी फळं पोखरतात, आणि माकडांनी आधीच हैराण झालेल्या बागायतदाराला हे वेगळं सांगायची गरज नाही. पावसाळ्यात वाळवण उन्हात होत नाही, भट्टीची सोय लागते. चांगल्या निगेच्या झाडाला वर्षाकाठी किलो-दोन किलो वाळल्या बिया, म्हणजे एकट्या कोकोवर संसार चालणार नाही. तो सुपारीच्या जोडीनेच परवडतो.

आणि भाव. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे हवामान आणि रोगांनी पीक बुडालं तेव्हा २०२४ मध्ये टनाचा भाव इतिहासात पहिल्यांदा दहा हजार डॉलरांच्या वर गेला. पुढच्या वर्षी तो बराच खाली आला. भारताचं उत्पादन वर्षाला पंचवीस-तीस हजार टन, गरज त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे मागणीची चिंता नाही. पण या चढउताराच्या भरवशावर कुणी पोफळी तोडून कोको लावू नये. १९८० ची आठवण केरळातल्या शेतकऱ्यांना अजून आहे. छोटे चॉकलेटवाले इथेच उपयोगी पडतात. त्यांना माल थोडा लागतो, पण चांगल्या आंबवणीसाठी ते जास्त देतात आणि वडीच्या वेष्टनावर गावाचं नाव छापतात. दहा-बारा वाड्यांनी मिळून एक आंबवणीचं खोकं आणि एक वाळवणाची छपरी उभी केली, तर असा ग्राहक मिळणं अशक्य नाही. रोठा सुपारीला गावाच्या नावावर भाव मिळवण्याची सवय या पट्ट्याला जुनीच आहे.

ज्यांना हे सगळं एका प्रवासात पाहायचं आहे त्यांच्यासाठी वाट सरळ आहे. दिघी-श्रीवर्धनच्या वाड्या पाहून माणगावला यायचं. तिथून कोकण रेल्वेचा मार्ग धरून मंगळूर गाठायचं, आणि पुढे तासा-दीड तासाच्या अंतरावर पुत्तूर आणि विट्टल. आपल्याकडे कोको वर्षभर थोडा थोडा येतो, पण मुख्य बहार दोन, सप्टेंबर ते जानेवारी आणि एप्रिल ते जून. त्यातला पावसानंतरचा बहार निवडावा. तेव्हा फळं फोडणं, आंबवण आणि उन्हातलं वाळवण ही तिन्ही कामं एकाच बागेत चाललेली सापडतात. शेतकऱ्याला आधी फोन करून जावं, सकाळी लवकर पोचावं, आणि ढीग उलटायचा दिवस कोणता तेवढं विचारून ठेवावं.